तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

सोसायटीच्या सभेत मी बोलून खाली बसले की कुणीतरी विचारतंच, "ताई, एवढा धीटपणा कुठून आला हो?" मी खरं तेच सांगते. अमेरिकेत कॉलेजला असताना सोरोरिटीत, म्हणजे एकाच घरात राहून आपला कारभार आपणच चालवणाऱ्या मुलींच्या संघटनेत होते, तिथून आला. मग लगेच दुसरा प्रश्न येतो. "त्या सिनेमातल्या पार्ट्यावाल्या मुली? तुम्ही त्यांच्यात?" इतकी वर्षं मी यावर विषय बदलत आले. आता वरच्या मजल्यावरची मुलगी ऑगस्टमध्ये तिकडे निघाली आहे आणि तिच्या आईनंही हेच विचारलं, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

आमच्या सोरोरिटीच्या घरात दारूची बाटली आणायला बंदी होती. पार्ट्या व्हायच्या, बाहेर. तो विषय माझ्यापुरता इथे संपला.

बारावी करून नाशिकहून इंडियानात गेले तेव्हा वर्गात मी कधी हात वर करत नसे. उत्तर यायचं, घशापर्यंत यायचं आणि तिथेच अडकायचं. त्याच इंडियानात, ग्रीनकॅसल गावी, १८७० मध्ये बेटी लॉक या विद्यार्थिनीनं काप्पा आल्फा थीटा ही सोरोरिटी सुरू केली होती. मुलांच्या संघटनेनं तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला होता, पण सभासद करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मग तिनं मुलींची वेगळी संघटनाच काढली. माझी सोरोरिटी दुसरी, तरी ही गोष्ट मला फार जवळची वाटायची. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळात वर्गणीच्या पावत्या मुलगे फाडायचे आणि आम्ही मोदक वळायचो. इथे सोरोरिटीत अठ्ठ्याहत्तर मुली होत्या आणि पावत्या फाडायला दुसरं कुणीच नव्हतं. जानेवारीत बॉयलर बंद पडला की एकोणीस वर्षांच्या मुलीनंच फोन करून दुरुस्तीवाल्याशी भाव करायचा.

आणि सभा! त्या रॉबर्ट्स रूल्सप्रमाणे चालायच्या. हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरनं १८७६ मध्ये छापलेले हे सभेचे नियम. आधी प्रस्ताव, मग अनुमोदन, चर्चा, मतदान. अध्यक्षांनी तुम्हाला बोलायला सांगितलं की मध्येच कुणी तोडायचं नाही. मला इंग्रजी वाक्य जुळवायला वेळ लागायचा आणि तो वेळ इथे नियमानंच मिळत होता. दुसऱ्या वर्षी मी खजिनदार झाले.

प्रत्येक नव्या मुलीला एक मोठी बहीण मिळते, तिला 'बिग' म्हणतात. माझी बिग उत्तर इंडियानातली, तिचे वडील गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. रात्री ती मला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी करायची आणि स्वतः वर जाऊन बसायची. "माझ्यापर्यंत आलं नाही," म्हणायची. मी हिशेबाचा अहवाल पुन्हा वाचायचे. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर वाचायचे.

२००८ च्या हिवाळ्यात मोटार कंपन्या वॉशिंग्टनला जाऊन सरकारकडे मदत मागत होत्या. माझ्या बिगच्या वडिलांची आधी कारखान्यातली पाळी गेली, मग नोकरी. जानेवारीची सहाशे चाळीस डॉलर वर्गणी तिनं भरली नाही. साठ दिवस थकले की सभासदत्व रद्द करण्याचा प्रस्ताव खजिनदारानं मांडायचा, असा आमचा नियम होता. त्याच पानावर खाली आणखी एक कलम होतं. खजिनदारानं शिफारस केली तर रक्कम हप्त्यांनी भरता येत असे.

मी शिफारस केली नाही. बिगला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रविवारी संध्याकाळी जेवणघरात सभा भरली. सगळ्या काळ्या कपड्यांत, छातीवर सोरोरिटीची पिन, म्हणजे सभासदत्वाचा बिल्ला. मी उठले. आवाज कापला नाही. छताच्या दुरुस्तीचा खर्च, प्रत्येकीचा वाटा, नियम सगळ्यांना सारखा, असं चारेक मिनिटं बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय हे मला कळत होतं आणि त्याचा आनंदही होत होता. ती तिसऱ्या रांगेत होती. मी बोलून थांबले तेव्हा तिनं हलकीशी मान हलवली. जिन्यावर एखादं वाक्य जमलं की हलवायची, अगदी तशी.

एकावन्न विरुद्ध एकोणीस मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. पिन संस्थेची असते, ती परत करावी लागते. तिच्या पिनेचा फासा अडकला होता, निघेना. मी पाकीट उघडं धरून समोर उभी. शेवटी पिन निघाली. काळ्या कापडावर दोन बारीक भोकं राहिली. मी पाकिटावर तारीख घातली. त्या रात्री तीन-चारजणी येऊन म्हणाल्या, पुढची अध्यक्ष तूच. आणि झालेही.

आईला फोनवर मी हे अभिमानानं सांगितलं. तिची बाराजणींची भिशी आहे. ती गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "अठ्ठ्याहत्तरजणी होतात ना गं? कुणीच भरला नाही तिचा हप्ता?" मी चिडले. भिशी वेगळी, संस्था वेगळी, असं बरंच काही सुनावलं तिला.

त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, लायब्ररीत रात्रपाळी करून वर्गणी भरणारीही एक होती, तिला काय सांगणार होतीस? याला माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणते, ते कलम तरी वाचून दाखवायचंस. मत त्यांनी दिलं असतं. ती म्हणते, ते वाचायला उठले असते तर आवाज कापला असता. हे खरं आहे. त्या सभेत मी धीट होते की भित्री, हे मला आजही ठरवता येत नाही. पण आज तुम्हाला सभेत ऐकू येतो तो आवाज तिथलाच आहे, माझ्या बिगनंच घडवलेला, आणि तो मिळाला नसता तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही.

२०११ मध्ये मी तिला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

वरच्या मजल्यावरची मुलगी काल स्वतः आली. "मावशी, जाऊ का मी सोरोरिटीत?" जा म्हटलं. मग तिला थांबवून घेतलं आणि वर्गणीचे नियम असलेल्या पानावर खाली काय काय शोधायचं, ते कागदावर लिहून दिलं.