महिनाअखेरची बाकी

रविवारी भाचीला घेऊन वेताळ टेकडीवर गेलो होतो. ती जिऑलॉजी शिकते, मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. खिशात वडिलांचं पितळी होकायंत्र होतं. वर एका काळ्या कातळावर सहज ठेवलं, तर काटा भलतीकडेच वळला. दोन पावलं बाजूला नेलं, की पुन्हा उत्तर. म्हटलं, गेलं हे कामातून.

"मामा, बिचाऱ्याला नावं नको ठेवूस. इथे कधीतरी वीज पडली असणार. तिने कातळाचं चुंबकत्व बदलतं."

मग खाणीच्या काठावर बसून तासभर हाच विषय. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेची दिशा धरून ठेवतात. आपल्या सह्याद्रीतल्या बऱ्याच थरांत ती चक्क उलटी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे होकायंत्र इथे दक्षिण दाखवत बसलं असतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची शेवटची कायमची उलटापालट झाली सुमारे ७ लाख ७५ हजार वर्षांपूर्वी.

मी मात्र अडकलो तो तिने सांगितलेल्या 'तात्पुरत्या' उलटापालटीत. ४१ हजार वर्षांपूर्वी क्षेत्र क्षीण झालं, उलटं झालं, आणि पुन्हा जागेवर आलं. फ्रान्समधल्या लाशाँ गावाजवळच्या लाव्ह्यात १९६०च्या दशकात हे प्रथम सापडलं. पण लाव्हा फक्त स्वतः थंड झाला त्या दिवसाचं सांगतो. प्रकरण किती दिवस चाललं, हे विचारायचं समुद्रतळाच्या गाळाला. तिथेही तेच कण, पण सावकाश खाली बसताना दिशा धरणारे, एकावर एक, न थांबता.

आमच्या शाखेत एक बाई होत्या. ३ तारखेला पैसे काढायच्या, २७ला परत भरायच्या. महिनाअखेरची बाकी जशीच्या तशी, त्यामुळे यजमानांना वर्षानुवर्षं पत्ता नाही. रोजचं लेजर बघणाऱ्या आम्हालाच काय ते ठाऊक. (गेले बिचारे, म्हणून आता लिहितोय.)

खोल समुद्रातला गाळ म्हणजे महिनाअखेरची बाकी. कित्येक ठिकाणी तो हजार वर्षांत जेमतेम सेंटिमीटरभर साचतो, आणि वरचा दहाएक सेंटिमीटरचा थर किडे ढवळून काढतात. त्यात चार-पाचशे वर्षांची गडबड कुठून दिसणार? गाळ भराभर साचतो तिथेच लेजर मिळतं. काळ्या समुद्रात मिळालं. २०१२मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी तिथे नळीने काढलेल्या गाळाच्या नमुन्यांवरून हिशेब मांडला: क्षेत्र पूर्ण उलटं होतं ते जेमतेम ४४० वर्षं, आणि तेही आजच्या पाव ताकदीचं. उलटण्याच्या अडीचशे वर्षांत तर ताकद आजच्या विसाव्या भागावर आली होती. क्षेत्राचं हे कवच असं पातळ झालं की वरून वैश्विक किरण जास्त येतात, हवेत बेरिलियम-१० हा किरणोत्सारी अणू जास्त तयार होतो. तोही गाळात उतरतो. म्हणजे दुसऱ्या वहीतही नोंद, टॅली करायला.

४४० वर्षं म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीपासून आजपर्यंत. भूगर्भाच्या हिशेबात हे ३ ते २७ तारखेइतकंही नाही.

उतरताना भाचीने होकायंत्र मागितलं आणि वाटेतल्या प्रत्येक कातळावर टेकवत राहिली. खाली पोचेपर्यंत अंधार पडला. घरी दोघांनाही बोलणी बसली.