लक्ष्मीपूजनाच्या रात्री नाशिकची आतषबाजी टिपताना

नाशिकमध्ये लक्ष्मीपूजनाची आतषबाजी एका मैदानावर होत नाही. पंचवटीपासून सिडकोपर्यंत जो तो आपापल्या गच्चीवरून शॉट उडवतो. म्हणून मी कुठल्या एका फटाक्यावर नेम धरत नाही. आधी शहराची फ्रेम पक्की करतो, मग फटाके तिच्यात येऊ देतो.

या दिवसांत वारा बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येचा असतो. त्यामुळे आडगाव नाक्याच्या बाजूची उंच गच्ची मला सोयीची वाटते. धूर आपल्यापासून लांब सरकतो आणि मावळतीचा उजेड इमारतींच्या पाठीमागे मिळतो. ट्रायपॉड पाण्याच्या टाकीपासून लांब लावायचा. पंप सुरू झाला की स्लॅब थरथरतो आणि दूरचे दिवे दुहेरी उमटतात. मधला दांडा वर काढायचा नाही, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हातातला कंप सावरणारी सोय) बंद.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाच्या आसपास, आकाशात निळाई असताना, रिकाम्या शहराच्या दोन-तीन फ्रेम घ्यायच्या. हाच पुढच्या सगळ्या एडिटिंगचा पाया. त्यानंतर ट्रायपॉड आणि झूमला हात लावायचा नाही. फोकस लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं दृश्य) मोठा करून दूरच्या दिव्यावर हाताने लावायचा आणि रिंगवर चिकटपट्टी मारायची.

आता खरी मेख. फटाक्याची ठिणगी सरकत असते. सेन्सरच्या एका जागेवर ती क्षणभरच असते. म्हणून तिची रेघ किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात (लेन्समधल्या छिद्राचा आकार आणि सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता), शटरचा वेळ नव्हे. शहराचे दिवे स्थिर, त्यांचा उजेड मात्र शटरच्या वेळेबरोबर वाढतो. एवढं लक्षात आलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. मी आयएसओ १००, एफ/११ (छिद्राचं माप; आकडा मोठा तितका उजेड कमी), रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) ठेवतो. रॉकेट वर निघालं की रिमोट दाबायचा, फूल विझलं की सोडायचा. साधारण ३ ते ६ सेकंद. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियमचे पांढरे शॉट फार प्रखर, त्यांना एफ/१३ किंवा एफ/१६ लागतं. तांब्याच्या क्षारांचा निळा मुळातच मंद, तो एफ/८ ला खुलतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले दाणे काढणारी कॅमेऱ्यातली सोय) बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो.

पूजा आटोपून लोक बाहेर पडले की पहिला तासभर हवा स्वच्छ असते, सगळा जोर तिथे लावायचा. पुढे वारा पडतो, धूर साचतो आणि दिव्यांचा पिवळा रंग त्यावर चढतो. काचेवर दवही धरतं, लेन्स अधूनमधून टॉर्चने तपासावी.

फोटोशॉपमध्ये निळाईची फ्रेम तळाला, वर फटाक्यांच्या निवडक फ्रेम, ब्लेंड मोड ‘लाइटन’. दोन्हींतला जास्त उजळ पिक्सेल तेवढा उरतो. अडचण अशी की धूरसुद्धा आकाशापेक्षा उजळ असतो, म्हणून तोही थरावर थर जमतो. प्रत्येक लेयरला काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) लावून फक्त फूल मऊ ब्रशने उघडायचं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल) सगळ्या फ्रेमना एकच, ४००० केल्विनच्या आसपास. हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) खाली ओढले तर रेघांतला रंग परततो, पण गाभा पांढराच जळाला असेल तर काही परतत नाही; ती फ्रेम सरळ वगळावी. डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) शहराच्या पट्ट्यापुरतं, हलक्या हाताने. संपूर्ण फोटोवर मारलं की आकाशात पट्टे पडतात.