ढोलीतली बाई

आज पहाटे पाचपासून दोडामार्गच्या सदाहरित रानात एका बेहड्याच्या झाडासमोर मुंग्या चावून घेत बसलो होतो. साडेसातला गावातले काका कुजबुजले, "इलो! हलू नकात." आधी पंखांचा आवाज, कोळशाचं इंजिन धापा टाकतं तसा. मग खुद्द गरुड धनेश, भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. झाडातल्या ढोलीचं तोंड अंडी उबवायला आत बसलेल्या मादीनं आतून विष्ठेनं लिंपून घेतलेलं, जेमतेम चोच बाहेर येईल एवढी फट. नरानं घशातून एकेक उंबर वर काढायचं, चोचीच्या टोकावर आणायचं, तिला भरवायचं. मी एकतीसपर्यंत मोजले आणि कंटाळलो. तो नाही कंटाळला. त्याला काही झालं तर आतली उपाशीच की!

ढोलीखाली बियांचा सडा, काहींना कोंब फुटलेले. रानजायफळाची बी चांगली अंगठ्याएवढी. एवढा ऐवज अख्खा गिळणारे पक्षी रानात थोडेच. धनेश गिळतो, लांब नेऊन टाकतो. नाहीतर बी पडणार आईझाडाच्याच सावलीत. आणि ढोली मिळते ती जुनाट झाडातच, ज्यावर तोडणाऱ्याचीही नजर आधी जाते.

फोटो टाकत नाहीये, ढोलीची जागाही विचारू नका. मुंग्यांनी सुजवलेल्या पायाचा फोटो हवा असेल तर सांगा.