सीटी स्कॅन उलटा नाही, आपण पायांकडून बघतोय

इंदूरला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला सीटी दाखवताना पहिला घोळ ठरलेला: लिव्हर पडद्यावर डावीकडे कसं? काप, म्हणजे शरीराच्या आडव्या छेदाचं चित्र, आपण पायांकडून बघतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे. डिसेक्शन (शवविच्छेदन) टेबलाच्या पायथ्याशी उभं केलं की लगेच पटतं.

विंडो म्हणजे घनतेचा जेवढा पट्टा करड्या छटांत दाखवायचा तो; लेव्हल म्हणजे त्याचा मध्य. पोटासाठी विंडोची रुंदी ४००, लेव्हल ४०. त्यात फुप्फुसं नुसती काळी दिसतात; तिथे १५०० आणि उणे ६००. मग एल-१, एल-२ (कमरेचे पहिले दोन मणके) च्या आसपास एकेक काप सरकवा. एओर्टा (मुख्य धमनी) आणि तिच्यातून आतड्याकडे जाणारी एसएमए ही धमनी यांच्या फटीतून लेफ्ट रीनल व्हेन (डाव्या मूत्रपिंडाची शीर) पलीकडे जाताना दिसते. ही जागा किती अरुंद आहे, ते चित्रांच्या पुस्तकात कळतच नाही!

थ्रीडीसाठी काप १ मिमीचे हवेत. ५ मिमीत हाडाला पायऱ्या पडतात. आणि फाइलमधलं पेशंटचं नाव पुसलं तरी कधी कधी ते चित्रावरच छापलेलं असतं. तेही झाका.