दुसऱ्या खर्ड्याची बैठक

आमच्या कथालेखन मंडळाचा वार्षिक मेळावा दोन दिवसांचा असतो. स्वागत, अहवाल, जमाखर्च, नव्या कार्यकारिणीची निवड हे सगळं पहिल्या तासाभरात उरकतं. प्रास्ताविकात एक मुद्दा मात्र दरवर्षी येतो आणि तो यावाच. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ साली त्यांच्याच देशातले लेखक हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना म्हटलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी, नाहीतर तिचा परिणाम मध्येच तुटतो. मेळाव्याची आखणी त्यावरच बेतलेली आहे. कथा दोन ते अडीच हजार शब्दांची. सावकाश, मोठ्याने वाचली तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे एका कथेला सोळा ते वीस मिनिटं. तेवढा वेळ दार बंद, आणि वाचन कोणासाठीही थांबत नाही.

पहिला दिवस नव्या कथांचा. लेखकाने स्वतःची कथा वाचायची नाही, हा नियम नवख्यांना जाचतो. पण लेखक वाचू लागला की जिथे वाक्य लंगडं आहे तिथे आवाजाने सांभाळून घेतो. दुसऱ्याला ती सोय नसते, तो अडखळतोच. तो अडखळला की ऐकणाऱ्यांनी आपापल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने रेघ मारायची. पाच-सहा प्रतींवर एकाच ओळीशी रेघ आली की त्या वाक्याबद्दल वाद उरत नाही. मग प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं: या कथेत कोणाला काय हवं होतं आणि आड काय आलं? लेखक तोवर गप्प. आठ जणांची आठ उत्तरं आली तर बहुतेक वेळा एका कथेत दोन कथा कोंबलेल्या असतात, आणि त्यातली एक पुढच्या वर्षासाठी बाजूला काढावी लागते.

चुका वर्षानुवर्षं त्याच असतात. कथा उशिरा सुरू होते: पहिली दीड-दोन पानं पूर्वपीठिका, आणि काही घडायला लागतं ते तिसऱ्या पानावर. दोन पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी बोलून दाखवतात. कथा थोरल्या भावाच्या नजरेतून चाललेली असते आणि मध्येच एका वाक्यात वहिनीच्या मनातलं कळतं. तिथे ऐकणारा दचकतो, पण का ते त्याला चटकन सांगता येत नाही. सुधा, सुमन आणि सुनंदा एकाच कथेत आल्या की दुसऱ्या पानावर कोण कोणाची कोण हे कानाला उमगत नाही. डोळ्यांनी वाचताना ही चूक निसटते, ऐकताना हमखास सापडते. आणि शेवटचा परिच्छेद, कथा संपल्यावरही तिचा अर्थ सांगत बसणारा. पहिल्या दिवशी निम्म्या कथांना तो असतोच.

वर्णनाच्या चर्चेत कोणीतरी रशियन कथाकार चेखव यांचं १८८६ सालचं, भावाला लिहिलेलं पत्र काढतं. चांदण्या रात्रीचं वर्णन करायचं तर बांधावर फुटक्या बाटलीची काच चमकते एवढं सांगावं, असं त्यात आहे. पत्र सगळ्यांना पाठ आहे, तरी कथेत 'टिपूर चांदणं पसरलं होतं' येतंच. जाणणं आणि हाताला वळण लागणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर दिसतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

त्या दुपारच्या बैठकीसाठीच हा लेख लिहायला घेतला. तिला आम्ही दुसऱ्या खर्ड्याची बैठक म्हणतो. गेल्या मेळाव्यात वाचलेल्या कथांपैकी तीन, वर्षभर काम होऊन, पुन्हा वाचल्या जातात. आधी जुन्या खर्ड्याचं पहिलं पान, मग नवी कथा पूर्ण, आणि शेवटी, फक्त याच वेळी, लेखक स्वतः उभा राहून काय काय कापलं ते वाचून दाखवतो.

एका वर्षीची शिलाई मशीनची कथा मंडळात अजून निघते. दोन बहिणी, आईच्या मशीनवरून तुटलेलं बोलणं, अकरा वर्षांनी थोरलीने मशीन परत आणणं. जुना खर्डा आईच्या तरुणपणापासून सुरू होत होता आणि भांडणाला पूर्ण पानभर जागा होती. नवी कथा सुरू झाली ती दारात अडकलेल्या मशीनपाशी. दोन हमाल ती आत घ्यायला बघताहेत, आणि खाली जिन्यात उभी असलेली थोरली तिथूनच सांगते, "आधी पाय सोडवा, मग जाईल." ती वर येत नाही. भांडणाचं पान गेलं होतं आणि त्याची उणीव कोणालाही भासली नाही, कारण न चढलेल्या जिन्याने ते काम केलं होतं. जुन्या शेवटी धाकटीला नात्यांविषयी काहीतरी उमगत होतं. नव्या शेवटी ती बॉबिन काढून बघते तर निम्मा निळा दोरा अजून गुंडाळलेला. बस्स, तिथेच संपली.

सव्वीसशे शब्दांची कथा एकोणीसशेवर आली होती. लेखिकेने कापलेले सातशे शब्द वाचायला घेतले तेव्हा सभागृह जसं शांत झालं तसं एरवी कुठल्याच भाषणाला होत नाही. त्यात आईच्या हातांचं फार सुंदर वर्णन होतं. दोघातिघांनी ते ठेवायला हवं होतं असं म्हटलं. तिने शांतपणे सांगितलं, "धाकटी त्या क्षणी मशीनकडे बघतेय, आईच्या हातांकडे नाही." चांगलं वाक्य चुकीच्या जागी असेल तर काढावं, हे सगळेच सांगतात. पण ते वाक्य आधी कानांनी ऐकायचं, त्यात गुंतायचं, आणि मग त्याच्याविना कथा आठवून बघायची, हे शिक्षण या एका बैठकीतच मिळतं. दरवर्षी डोळे भरून येतात ते इथे.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते, ती लिहितेच. आपली कथा पहिल्या दिवशी वाचून झाली, तिच्यावर सगळ्यांचे शेरे मिळाले, की काही सभासद दुसऱ्या दुपारी दिसत नाहीत. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. ज्यांनी तुमच्या समासात रेघा मारल्या त्यांच्या कथेला वीस मिनिटं द्यायला हवीत. आणि जे निघून जातात त्यांचीच कथा पुढच्या वर्षी पुन्हा दीड पान पूर्वपीठिका घेऊन येते, हेही खरं आहे.

आता आभार. कोणी राहून जाईल या धास्तीने यादी तीनदा तपासली आहे. कथा पंधरा दिवस आधी गोळा करून, लेखकाचं नाव झाकून, दोन ओळींत दुप्पट अंतर आणि उजवीकडे चार बोटं समास सोडून प्रती काढणारे चिटणीस. ऐन वेळी बदललेलं पान प्रत्येक प्रतीत हाताने लावणाऱ्या दोघी बहिणी. अनोळखी कथा आदल्या रात्री दोनदा वाचून येणारे आणि तरी अडखळले तर ते न लपवणारे चारही वाचक. घड्याळ सांभाळणारे आजोबा, ज्यांनी अध्यक्षांनाही कधी एक मिनिट जास्त दिलं नाही. जुने खर्डे वर्षवार बांधून ठेवणाऱ्या ताई, कारण त्यांच्याशिवाय दुसऱ्या खर्ड्याची बैठक होऊच शकत नाही. पेन्सिली तासून आणणारा त्यांचा मुलगा. खुर्च्या लावणारे, आणि संध्याकाळी त्या उचलणारे, कारण ते दर वेळी वेगळे असतात आणि त्यांचं नाव नेहमी राहतं. शेरे लिहिलेल्या प्रती लेखकवार लावून त्याच रात्री ज्याच्या त्याच्या हाती देणारे खजिनदार. आणि गेल्या वर्षी प्रकृतीमुळे येता आलं नाही म्हणून सगळ्या कथा घरी मागवून, प्रत्येकीच्या समासात बारीक अक्षरात लिहून परत पाठवणाऱ्या आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासद. त्यांच्या रेघा इतरांच्या रेघांशी लावून पाहिल्या, तर त्यांनी कथा ऐकलेली नसूनही बहुतेक त्याच ओळींपाशी आल्या होत्या.