सातवा मॉर्गन डॉलर
आज नाण्यांच्या प्रदर्शनात माझ्या संग्रहातला सातवा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे एक डॉलरचे नाणे, घेतला. वजन बरोबर 26.73 ग्रॅम भरले, चांदी 90 टक्के, वर्ष 1890. आणि मागच्या बाजूला पर्णमालेच्या गाठीखाली भिंगातून अमेरिकेतल्या कार्सन सिटी टांकसाळीची ‘सीसी’ ही इवलीशी अक्षरे दिसली, तेव्हा हात किंचित थरथरला. शेजारचे नाणे अधिक लखलखीत होते, परंतु त्यावर घासल्याचे बारीक समांतर ओरखडे असल्याने ते सोडून दिले. चांदीची भांडी रांगोळीने घासणाऱ्या घरात वाढल्यामुळे, नाण्यावरचा काळसर थर जपायचा असतो हे कळेपर्यंत मी स्वतः दोन नाणी बिघडवली होती. चांदीचे डॉलर वितळवायला परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या 1918 च्या पिटमन कायद्यानंतर असे 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. हे त्यातून वाचले. किंमत मात्र घरी अजून सांगितलेली नाही.