एकटीला कसं जमतं, असं विचारता म्हणून

"सासूबाईंना घरीच ठेवलंय, मग एकटीला कसं जमतं गं तुला?" देवळात, म्हापशाच्या बाजारात, चवथीला आलेल्या पाहुण्यांत, कुठे ना कुठे हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्या बऱ्याच जणींच्या घरीही असंच कोणीतरी अंथरुणाला किंवा विसरभोळेपणाला धरून असतं, म्हणून नीट सांगते. एकटीला जमत नाही. कोणालाच जमत नसतं.

सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. दिवेलागणीला त्या पिशवीत दोन लुगडी भरतात आणि दाराशी येतात. "मला पेडण्याला जायचंय, बाबा वाट बघत असतील." बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण तसं सांगितलं की त्यांच्यासाठी ती बातमी आजचीच असते, आणि त्या आजच्याइतक्याच रडतात. घरी येऊन समजावणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं, वाद घालू नका, माहेरची चौकशी करा. आता मी विचारते, "बाबांना कसली भाजी आवडायची हो, आई?" आणि सुपात अळसांदे ओतून निवडायला देते. आई सांगत बसतात, हात चालू राहतात, पिशवी बाजूला पडते. झोपेच्या गोळीने हे झालं नसतं.

ही नुसती माझ्या घरची गोष्ट नाही. आपल्या गोव्यातच डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांच्या 81 कुटुंबांबरोबर एक अभ्यास केला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. त्यांच्या मदतीला समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. हे सल्लागार सांभाळणाऱ्याला आजार समजावून सांगत, त्रासदायक वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप कमी झालेला दिसला. मला यातली एकच गोष्ट फार मोठी वाटते: मदत रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसासाठी होती. आपल्याकडे येणारा जाणारा म्हातारीची विचारपूस करतो. सून रात्री झोपली का, हे कोण विचारतं?

पैशांचं थोडक्यात सांगते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना महिन्याला 2,000 रुपये मिळतात. दिवसभराची बाई ठेवायची तर ते पुरत नाहीत. तरीही अर्ज जरूर करा आणि हयातीचा दाखला वेळेवर द्या, कारण म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे पैसे असले की मान असतो. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. कुठली योजना कुठे मिळेल, कायद्याचं काय, हे तिथे विचारता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेलं घर, अट पाळली नाही तर परत मिळवायचा रस्ता ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात आहे. त्यासाठी ती अट कागदावर यायला हवी. आपल्याकडे बक्षीसपत्र करताना ती लिहायला लोक संकोचतात. संकोचू नका.

वृद्धाश्रमाचंही विचारतात, तेही जरा आवाज खाली करून. प्रोव्हेदोरिया या सरकारी मदत संस्थेचे आश्रम आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून आहेत. तिथे आईला ठेवणाऱ्या लेकीला नावं ठेवणं मला अजिबात मान्य नाही. तिची पाठ गेलेली असेल, नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, असेल, घरात दुसरं कोणी नसेल. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचं प्रमाण केरळनंतर गोव्यातच सर्वांत जास्त होतं, अकरा टक्क्यांच्या वर. मुलं पुण्याला, बंगळुरूला, आखातात. हे ओझं एकेका सुनेने किंवा लेकीने उचलायचं म्हटलं तर उचललं जाणारच नाही.

मला विचाराल तर अजून एक सोय हवीच आहे. महिन्यातून दोन रात्री आईंना विश्वासाने सोपवता येईल अशी जागा, किंवा घरी येऊन बसणारं शिकलेलं माणूस. सध्या माझी नणंद अधूनमधून येते आणि मी माहेरी जाऊन नुसती झोपते. नणंद नसेल तिने काय करायचं? प्राथमिक आरोग्य केंद्राकडून घरी येणारी एक प्रशिक्षित बाई प्रत्येक गावाला मिळाली, तर सत्तरी-सांग्यासारख्या दूरच्या तालुक्यांतल्या बायकांनाही आधार होईल. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

आमच्या वाड्यावरच्या दोघीतिघींनी मिळून पंचायतीला तसं पत्र लिहिलं आहे. ग्रामसभेत ते शेजारच्या वहिनी वाचून दाखवतील. ग्रामसभा रविवारी सकाळी असते, आणि तेव्हा आईंच्या आंघोळीची वेळ असते. ज्यांना ही मदत हवी आहे त्या सगळ्याजणी त्या वेळी घरातच अडकलेल्या असतात, म्हणून आजवर हा विषय ग्रामसभेत आलेलाच नाही.